किल्ली आहे, इंडेक्स-टू कुठे? ऑफिसभरच्या विंडोज लायसन्सचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. संगणक काही बंद पडले नाहीत. सुरक्षेतली नवी भोकं बुजवणारे महिन्याचे अपडेट फुकट यायचे तेवढे थांबले. घरातल्या एका लॅपटॉपपुरता हा विषय चहा पिता पिता मिटतो. पण सीएचं ऑफिस, पतसंस्था, शाळा, छोटा कारखाना इथे वीस, चाळीस, शंभर संगणक असतात. "सगळ्यांवर अकरा टाकून घेऊ" असं मीटिंगमध्ये ठरतं आणि दोन दिवसांत व्हेंडरचं कोटेशन येतं. त्यात ओईएम, रिटेल, व्हॉल्यूम अपग्रेड, गेट जेन्युइन, ई-थ्री असे शब्द आणि प्रत्येकासमोर वेगळा आकडा. कमिटी सगळ्यात स्वस्त ओळीवर टिक करते. ती ओळ आपल्याला लागू होते की नाही, हे विचारायचं राहून जातं.

ते कसं विचारायचं, हे इथे पाहू.

चार वेगवेगळ्या गोष्टी, ज्यांना आपण एकच समजतो

फ्लॅटचं उदाहरण घ्या. एक असतं बांधकाम, दुसरी दाराची किल्ली, तिसरं गेटवरच्या वॉचमनच्या वहीतलं नाव आणि चौथा इंडेक्स-टू. किल्ली खिशात आहे आणि वॉचमन सलाम ठोकतो, एवढ्यावर घर आपलं होत नाही. मालकी ठरते ती नोंदणीच्या कागदावर.

विंडोजचंही तसंच. पेनड्राइव्हवरची इन्स्टॉल फाइल म्हणजे बांधकाम. ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कुणीही उतरवून घेऊ शकतं. पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की म्हणजे किल्ली. ॲक्टिव्हेशन म्हणजे वॉचमन: हातात किल्ली दिसली की सोडतो, कागद मागत नाही. आणि लायसन्स म्हणजे तो कागद, ‘या मशीनवर ही आवृत्ती वापरायचा हक्क तुम्हाला दिला’ असा करार, ज्याचा पुरावा बिल, स्टिकर किंवा पोर्टलवरची नोंद असते.

"आमचं विंडोज ॲक्टिव्हेट आहे, म्हणजे लायसन्स आहे" हे वाक्य ऑफिसाऑफिसांतून ऐकू येतं. त्यातलं "म्हणजे" चुकीचं आहे.

कागद मिळायच्या तीन वाटा

पहिली वाट ओईएमची. ब्रँडेड संगणक विंडोजसकट येतो, तेव्हा लायसन्स संगणक बनवणाऱ्या कंपनीमार्फत मिळालेलं असतं. अलीकडच्या मशीनमध्ये की मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. फॉरमॅट करून तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर विंडोज ती आपोआप उचलतं. हे लायसन्स सगळ्यात स्वस्त पडतं, कारण ते त्या मशीनशी बांधलेलं असतं. मशीन भंगारात गेलं की लायसन्सही गेलं. ते काढून नव्या मशीनवर नेता येत नाही. बिघडला म्हणून बोर्ड कंपनीने वॉरंटीत बदलून दिला तर हक्क शाबूत राहतो. पण हौसेने नवा, वरचा बोर्ड बसवलात तर नियमाच्या दृष्टीने तो नवा संगणक, आणि त्याला नवं लायसन्स.

दुसरी रिटेल. खोक्यातून किंवा ऑनलाइन घेतलेलं पूर्ण लायसन्स. महाग, पण जुन्या मशीनवरून काढून नव्यावर लावता येतं, एका वेळी एकाच मशीनवर. इथे एक खड्डा आहे. रिटेल लायसन्स सक्रिय करताना ते बहुधा कुणाच्या तरी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी ते खातं त्या दिवशी मशीनसमोर बसलेल्या मुलाचं खासगी असतं. तो नोकरी सोडतो, सहा महिन्यांनी ऑफिसात हार्ड डिस्क आणि बोर्ड बदलावा लागतो, आणि की हाताशी नसेल तर लायसन्स परत लावायला त्याचाच पासवर्ड लागतो. ऑफिसच्या नावाचं स्वतंत्र खातं आधी काढा.

तिसरी व्हॉल्यूम, म्हणजे संस्थेने करार करून घाऊक घेतलेली. नाव ऐकून वाटतं की चाळीस नग घ्यायचेत म्हणजे हीच आपली वाट. घोटाळा इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबू.

वरचा मजला हवा, तर तळमजला दाखवा

विंडोजच्या आवृत्त्या चढत्या असतात: घरासाठी होम, धंद्यासाठी प्रो, मोठ्या संस्थांसाठी एंटरप्राइझ. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे मुळात अपग्रेड आहे. रिकाम्या मशीनवर ते लागू होत नाही. तळमजला असेल तरच वर मजला चढवता येतो, तसं मशीनवर आधीपासून पात्र विंडोजचं अस्सल लायसन्स असेल तरच त्यावर व्हॉल्यूमचं प्रो किंवा एंटरप्राइझ चढतं. पात्र म्हणजे धंद्याच्या ठिकाणी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती. होम हा तळमजला धरला जात नाही. शैक्षणिक आणि धर्मादाय संस्थांना तेवढी सूट आहे. शाळेने किंवा नोंदणीकृत ट्रस्टने व्यापारी दराचं कोटेशन स्वीकारण्याआधी ही गोष्ट आणि आपले वेगळे दर, दोन्ही विचारून घ्यावं.

असेंबल केलेल्या, कागद नसलेल्या मशीनवर व्हॉल्यूमची की घातली तर? ॲक्टिव्हेट होते. वॉचमन सोडतो. पैसे भरलेले असतात, बिलही असतं, आणि तरी मशीन बेकायदा राहतं, कारण तळमजलाच नाही. प्रामाणिकपणे पैसे भरून बेकायदा राहायची सोय याइतकी सुबक दुसरीकडे क्वचितच मिळेल.

अशा मशीनसाठी पूर्ण लायसन्सच लागतं: रिटेल, किंवा मायक्रोसॉफ्टने नेमक्या याच दुरुस्तीसाठी ठेवलेलं ‘गेट जेन्युइन’ लायसन्स, जे मायक्रोसॉफ्टच्या पार्टनरमार्फत, म्हणजे अधिकृत विक्रेत्यामार्फत मिळतं. दुकानात मिळणारं ‘सिस्टीम बिल्डर’ ओईएम पाकीट हे नवा संगणक जोडून विकणाऱ्यासाठी असतं; ऑफिसात आधीच वापरात असलेलं मशीन कायदेशीर करायला ते चालत नाही. दुकानदार मात्र तेच पुढे करतो.

चाळीस मशीनची मोजणी

समजा, एका पतसंस्थेच्या चार शाखांत मिळून ४० संगणक आहेत. व्हेंडरने कोटेशन दिलं: विंडोज ११ प्रो व्हॉल्यूम अपग्रेड, नग ४०. सही करण्याआधी एका माणसाने प्रत्येक मशीनपाशी बसायचं. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या रन खिडकीत एस-एल-एम-जी-आर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि डी-एल-आय असं इंग्रजीत टाइप करायचं. चार-पाच सेकंदांत छोटी खिडकी उघडते. तिच्यात आवृत्ती असते आणि ‘चॅनल’ हा शब्द असतो. त्या शब्दाच्या आधी काय लिहिलंय, ते वहीत उतरवायचं.

ओईएम डीएम दिसलं, तर की चिपमध्ये आहे, मशीन विंडोजसकट आलेलं आहे. रिटेल दिसलं तर बिल शोधा. व्हॉल्यूम एमएके किंवा व्हॉल्यूम केएमएस क्लायंट (व्हॉल्यूम करारातल्या ॲक्टिव्हेशनच्या दोन पद्धती, पुढे येतील) दिसलं आणि संस्थेने आयुष्यात कधी व्हॉल्यूम करार केलेला नसेल, तर ते मशीन बहुधा कुणीतरी क्रॅक मारून, म्हणजे ॲक्टिव्हेशनला चकवणारं सॉफ्टवेअर टाकून, किंवा फुटलेली की घालून चालू करून दिलेलं आहे. रिटेल दिसलं म्हणजे सुटलो असंही नाही. काही क्रॅक रिटेलसारखी स्वच्छ नोंद उमटवतात. म्हणून पडद्यासोबत बिलही लागतं.

आपल्या पतसंस्थेत समजा हे निघालं: १८ ब्रँडेड डेस्कटॉप, ओईएम प्रो. ९ लॅपटॉप, ओईएम पण होम. ८ असेंबल केलेले, केएमएस क्लायंट, कागद शून्य. आणि ५ जुने, २०१३-१४ चे, पाठीला विंडोज ७ प्रोफेशनलचं झिजलेलं स्टिकर.

आता कोटेशनची ती ओळ या चौघांना लावून बघा. १८ मशीनना विंडोज ११ प्रो फुकटच मिळतं, हार्डवेअर बसत असेल तर. तिथे अपग्रेड घेणं म्हणजे पास खिशात असताना तिकीट काढणं. ९ लॅपटॉपवर होम आहे, तळमजला अपात्र. ८ ना तळमजलाच नाही. ५ ना कागद आहे, पण विंडोज ११ त्या हार्डवेअरवर चढत नाही. चाळीसपैकी एकाही मशीनला ती ओळ कामाची नाही.

खरी खरेदी अशी होते: १८ साठी काही नाही. ९ साठी होमवरून प्रोवर नेणारं अपग्रेड, जे वेगळं लायसन्स आहे. त्याची की घातली की रीस्टार्ट होऊन आवृत्ती बदलते, फॉरमॅट करावं लागत नाही, फाइली जागच्या जागी राहतात. ८ साठी पूर्ण लायसन्स. ५ चा निर्णय वेगळा, तो पुढे.

त्या नऊंना प्रो हवंच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. होम बेकायदा नाही. पण होम डोमेनला जोडता येत नाही, म्हणजे मुख्य कार्यालयात बसून सगळ्या मशीनचे पासवर्ड आणि नियम एका जागेवरून हाकता येत नाहीत. त्यावर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून शिरता येत नाही. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करून तिच्या चाव्या संस्थेकडे ठेवता येत नाहीत. सभासदांची कर्जप्रकरणं घेऊन एसटीने फिरणाऱ्या वसुली अधिकाऱ्याच्या लॅपटॉपला माझ्या मते प्रो हवंच. फक्त प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपला नाही.

अकरा चढतं का, हे कसं कळणार

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, ती अडचण नाही. अडचण प्रोसेसरची आणि टीपीएमची. प्रोसेसर साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे लागतात. टीपीएम ही गुप्त चाव्या सांभाळणारी सुरक्षा-चिप, तिची २.० आवृत्ती हवी. शिवाय बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमची) नवी पद्धत, यूईएफआय, आणि सिक्युअर बूट, म्हणजे चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उचलायची सोय, जमायला हवं.

बऱ्याच मशीनवर ‘टीपीएम सापडत नाही’ असं येतं आणि व्हेंडर नवा संगणक सुचवतो. आधी बायोस उघडा. इंटेलच्या मशीनमध्ये ती सोय पीटीटी नावाने, एएमडीत एफटीपीएम नावाने आत असते आणि नुसती बंद ठेवलेली असते. चालू केली की झालं.

दुसरी अडचण जरा आपल्याकडची आहे. मशीन नवं असूनही विंडोज जुन्या बायोस पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्क एमबीआर नावाच्या जुन्या मांडणीत असते. ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलायला विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न पुसता काम करतं. पण डिस्कवर एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन असलं की ते नकार देतं. आणि आपल्याकडे सी, डी, ई, एफ अशी चार घरं पाडून दिल्याशिवाय असेंबलरला चैन पडत नाही; त्यातली मागची घरं नेमकी लॉजिकल असतात. मग डी-ई-एफ मधला डेटा बाहेर काढा, ती पार्टिशन उडवा आणि मग साधन चालवा. साधनाला आधी फक्त तपासणी करायला सांगता येतं, तेवढं प्रत्येक मशीनवर करून घ्या. बदल झाल्यावर बायोसमध्ये यूईएफआय निवडायला विसरलात तर मशीन चालूच होणार नाही, आणि डिस्क गेली असं समजून सगळे घाबरतील.

आता ते पाच जुने. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट विकतं. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रति मशीन ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४, आणि तिथे संपलं. तीन वर्षांचे ४२७ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी ३६,००० च्या वर, कर वेगळा. "पहिलं वर्ष सोडून दुसऱ्यापासून घेऊ" ही हुशारी चालत नाही, मागच्या वर्षाचे पैसेही भरावे लागतात. शिवाय विंडोज १० ची २२-एच-२ ही शेवटची आवृत्ती असायला हवी. ३० डॉलरची जी घरगुती योजना बातम्यांत आली, ती ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनसाठी नाही.

बारा वर्षांच्या मशीनवर हा पैसा घालू नये. हा पर्याय एखाद्या लेथला किंवा तपासणी-यंत्राला जोडलेल्या संगणकासाठी ठीक आहे, जिथे विंडोज बदललं तर यंत्राचं सॉफ्टवेअरच चालत नाही.

आणि पाठीवरच्या विंडोज ७ च्या स्टिकरचं काय? त्या कीने विंडोज १०-११ सक्रिय करायची पळवाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्याआधी जे मशीन १० वर जाऊन सक्रिय झालं त्याचं लायसन्स टिकून आहे. जे राहिलं ते राहिलं.

"ऑनलाइन तर पाचशे रुपयांत की मिळते"

मिळते. चालतेही, निदान काही महिने. ती येते कुठून? कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेली एमएके, भंगारातल्या मशीनची ओईएम की, किंवा प्रोग्रॅमरांना चाचणीसाठी दिलेली की. यातलं काहीही तुम्हाला विकायचा हक्क विकणाऱ्याला नसतो. म्हणजे तुम्ही डुप्लिकेट किल्ली घेतली, इंडेक्स-टू नाही. मूळ कंपनीच्या लक्षात आलं की की रद्द होते, आणि त्या दिवशी एक नाही, त्या लॉटमधली तुमची सगळी मशीनं ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणू लागतात. विक्रेत्याने जीएसटी बिल दिलं तरी फरक पडत नाही. बिल की विकल्याचं असतं, लायसन्स दिल्याचं नव्हे.

केएमएसचे क्रॅक याहून वाईट. ते बसवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि ॲडमिनचे अधिकार द्यावे लागतात. अनोळखी माणसाच्या फाइलला पतसंस्थेच्या मशीनची तिजोरी उघडून द्यायची, तेही विंडोजच्या पैशांच्या बचतीसाठी.

घेतलं, आता चाळीसांवर लावायचं कसं

प्रत्येक मशीनवर हाताने विंडोज टाकायला दोन-तीन तास जातात. म्हणून एक मशीन नीट तयार करतात, त्याची प्रतिमा म्हणजे इमेज काढतात आणि ती बाकीच्यांवर ओततात. ब्रँडेड मशीनसोबत आलेली ओईएमची प्रत अशी दुसऱ्या मशीनवर ओतायची परवानगी नसते. पण व्हॉल्यूम करार असलेल्या ग्राहकाला रीइमेजिंगचा हक्क मिळतो: त्याच विंडोजच्या त्याच आवृत्तीचं किमान एक व्हॉल्यूम लायसन्स असेल, तर व्हॉल्यूमची प्रत त्या आवृत्तीच्या सगळ्या ओईएम मशीनवर ओतता येते. चाळीस नव्हेत, एक. आपल्या १८ प्रो मशीनसाठी हे सोयीचं. ज्या योजनेतून ते एक लायसन्स घेताय, तिच्यात हा हक्क येतो असं पार्टनरकडून ईमेलवर लिहून घ्या.

मग ॲक्टिव्हेशन. व्हॉल्यूममध्ये दोन मुख्य पद्धती. एमएके म्हणजे सलूनच्या पंच कार्डासारखी की: ठरावीक वेळा वापरता येते, प्रत्येक मशीन मायक्रोसॉफ्टकडे एकदा हजेरी लावतं आणि कायमचं सुटतं. पण तेच मशीन फॉरमॅट केलं की आणखी एक भोक पडतं. सतत फॉरमॅट करायची सवय असलेल्या ऑफिसात आकडा भराभर संपतो आणि पार्टनरला फोन करून वाढवून घ्यावा लागतो.

केएमएस म्हणजे ऑफिसातल्याच एका सर्व्हरला वॉचमन नेमणं. मशीनं त्याच्याकडून १८० दिवसांसाठी सक्रिय होतात आणि दर सात दिवसांनी मुदत वाढवायचा प्रयत्न करतात. अट एकच: २५ मशीनं हजर झाल्याशिवाय तो कुठल्याच डेस्कटॉपला सक्रिय करत नाही. सोसायटीच्या सभेची गणपूर्तीच म्हणा.

या गणपूर्तीवरून दोन तमाशे होतात. पहिला: ४० मशीनवर इमेज ओतली, सगळी चालू झाली, पण ॲक्टिव्हेशन होत नाही आणि केएमएसवर आकडा १ च्या पुढे सरकत नाही. कारण प्रत्येक विंडोज स्वतःचा एक ओळख-क्रमांक सांगतं, आणि इमेज काढण्याआधी तो पुसला नाही तर चाळीसही जण एकच क्रमांक सांगतात. सभेच्या रजिस्टरवर एकाच सभासदाने चाळीस सह्या केल्या, तर हजर एकच धरणार ना. उपाय म्हणजे इमेज काढण्याआधी विंडोजमधलंच सिसप्रेप हे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवणं. तो हा क्रमांक उडवतो. जे आधीच ओतून बसलेत त्यांनी प्रत्येक मशीनवर त्याच एस-एल-एम-जी-आर आज्ञेला ‘रीआर्म’ जोडून चालवायचं आणि रीस्टार्ट करायचं.

दुसरा: २८ मशीनचं ऑफिस, त्यातले पाच लॅपटॉप महिनाभर बाहेर. ३० दिवस तोंड न दाखवलेल्या मशीनला केएमएस मोजणीतून काढतो. आकडा २३. लगेच काही बिघडत नाही, कारण बाकीच्यांकडे १८० दिवसांची मुदत असते. पण नवं मशीन जोडायला गेलं की ‘सी-शून्य-शून्य-चार-एफ-शून्य-तीन-आठ’ ही चूक येते, म्हणजे गणपूर्ती नाही. २५ च्या काठावर असणाऱ्या ऑफिसने केएमएसच्या नादी लागू नये. डोमेन असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेनमधल्या माणसांची आणि मशीनची सर्व्हरवरची नोंदवही) ॲक्टिव्हेशन घ्या, त्याला २५ ची अट नाही. नसेल तर एमएके.

एक मशीन, दहा जण रिमोटने

टॅलीसाठी ही युक्ती सर्रास चालते: एका तगड्या मशीनवर विंडोज प्रो, त्यावर एक जुगाडू सॉफ्टवेअर, आणि दहा जण आपापल्या जुन्या संगणकांवरून त्यात एकाच वेळी शिरतात. प्रोचं लायसन्स एका वेळी एकाच माणसाला बसू देतं, म्हणून तर दुसरा रिमोटने शिरला की पहिल्याचा पडदा लॉक होतो. तो अडसर मोडणं हा कराराचा भंग. सरळ मार्ग म्हणजे विंडोज सर्व्हर, त्यावर प्रत्येक वापरणाऱ्यासाठी किंवा मशीनसाठी सीएएल नावाचं प्रवेश-लायसन्स, आणि रिमोटसाठी आरडीएस सीएएल वेगळं. डोमेन उभं करतानाही सीएएल लागतात. सर्व्हरच्या कोटेशनमध्ये ती ओळ नसेल तर विचारा.

विकत घ्यावं की भाड्याने

एंटरप्राइझ ई-थ्री हे दरमहा भाड्याचं, बहुधा माणसावर लागणारं लायसन्स. माणूस ऑफिसच्या खात्याने लॉगिन झाला की त्याच्या मशीनवरचं प्रो आपोआप एंटरप्राइझ होतं, पाच उपकरणांपर्यंत. भाडं थांबलं की पुन्हा प्रो. म्हणजे इथेही तळमजला प्रोचाच. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम हे भाड्याचं पॅकेज घेतलं की होमचं प्रो होतं, असं व्हेंडर सांगतात. तसं होत नाही, त्यातला विंडोजचा हक्क जुन्या प्रोवरून नव्या प्रोवर जायचा आहे. एंटरप्राइझला प्रत्येक वार्षिक आवृत्तीचा सपोर्ट ३६ महिने मिळतो, प्रोला २४. पाच हजार मशीनच्या कंपनीला त्या बारा महिन्यांचं मोल आहे. चाळीस मशीनच्या पतसंस्थेला प्रो पुरतं.

"पण विचारतंय कोण?"

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३-बी फक्त याच गोष्टीसाठी आहे. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. ऑफिसला ती सवलत मिळणं कठीण. नागरी सहकारी बँकांना तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१८ च्या सायबर सुरक्षा चौकटीनुसार संगणकांची आणि सॉफ्टवेअरची यादी ठेवावीच लागते.

यादी म्हणजे साधी एक्सेल. मशीनचा सीरियल नंबर, जागा, आवृत्ती, चॅनल, बिल क्रमांक, बिलाची तारीख, आणि बिलाच्या फोटोची फाइल कुठे आहे ते. थर्मल कागदावरचं बिल दोन वर्षांत पांढरं होतं, म्हणून फोटो. सेकंडहँड मशीन घेतलीत तर आणखी एक रकाना: मूळ कंपनीचं व्हॉल्यूम एंटरप्राइझ तुमच्याकडे येत नाही, ते तिच्याकडेच राहतं. तुमच्याकडे येतं ते फक्त मशीनचं मूळ ओईएम.

"मग सरळ लिनक्सच टाकू"

का नाही? उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टच्या आवृत्तीला पाच वर्षं फुकट अपडेट मिळतात, २४.०४ ला २०२९ पर्यंत. सी-डॅक या सरकारी संस्थेचं, डेबियन या लिनक्सवर बेतलेलं बॉस लिनक्स आहे. केरळच्या शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. लायसन्स मोजायची कटकटच नाही.

पण ऑफिस विंडोजला चिकटलेलं असतं ते विंडोजमुळे नव्हे, त्यावरच्या चार गोष्टींमुळे. टॅली प्राइम विंडोजवरचं आहे. निविदा आणि जीएसटीसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का, ते टोकनच्या कंपनीगणिक बदलतं. वीस वर्षांचा पत्रव्यवहार श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर त्या फाइली उघडल्या तरी अक्षरं अगम्य दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. नवं मराठी टायपिंग मात्र लिनक्सवर उत्तम चालतं.

म्हणून चाळीसांवर एकदम नको. ते पाच जुने घ्या. एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा, आणि जिथे काम ब्राउझरमध्येच चालतं अशा काउंटरवर एक मशीन महिनाभर ठेवा. पहिल्याच दिवशी पासबुक प्रिंटर जोडून पाच पासबुकं छापून बघा. ओळी बरोबर रेघेवर पडल्या तर उरलेल्या चारांचा विचार करा. नाही पडल्या तर त्या काउंटरला विंडोज ११ प्रोसकट आलेला नवा संगणक लागेल, आणि यादीत एक ओईएम वाढेल.